एकतीस नंबरचा मान

औषधांच्या दुकानात काउंटरवरच्या पोरानं पुडक्यावरचं नाव मोठ्यानं वाचलं, "पेटवे," आणि मग मान वर करून माझ्याकडे जरा जास्तच निरखून पाहिलं. "तेच पेटवे का तुम्ही? एकतीस नंबरवाले?" मी म्हटलं, "मी व्हर्नेल पेटवे. मला कुणी नंबर दिलेला नाही." रांगेतली माणसं हसली. पोरगा ओशाळला नाही. हल्लीची पोरं ओशाळत नाहीत. "तसं नाही हो मॅम. सकाळी रेडिओवर सांगत होते. फुटबॉल क्लबनं तो नवा पोरगा घेतलाय ना, लॅसिटर, त्यानं एकतीस नंबर मागितलाय. चला, कुणीतरी धीर केला म्हणायचा!" माझ्या मागं क्लबची टोपी घातलेला एक म्हातारा उभा होता. तो म्हणाला, "धीर कसला? अक्कल नाही. पाय मोडून घेईल तेव्हा कळेल." मग त्याच्या लक्षात आलं की ज्याचा तो नंबर, त्याचीच बायको समोर उभी आहे, आणि तो एकदम खोकल्याच्या गोळ्यांची बाटली उलटीसुलटी करून वाचू लागला. मी नवऱ्याच्या गुडघ्यांचं मलम पिशवीत टाकलं आणि बाहेर पडले.

तळ्यावरून वारा येत होता. मे महिना उजाडला तरी या शहरातला वारा बोचतो, आणि लोकांना त्याचाही अभिमान आहे. बसथांब्यावर उभी राहून मी एकच हिशेब करत होते: डेल्बर्ट दहापर्यंत झोपतो, उठल्यावर आधी गरम पाण्याची पिशवी, मग कॉफी, मग टीव्ही. म्हणजे सकाळचा रेडिओ त्यानं ऐकला नसेल. आणि ऐकला असला तरी 'नंबर मागितला' एवढंच ऐकलं असेल, तर ठीक. 'धीर केला' हे शब्द त्याच्या कानावर जाता कामा नयेत. चाळीस वर्षांहून जास्त काळ मी हेच करत आले होते. त्याच्या आणि दोन शब्दांच्या मध्ये उभं राहणं. या क्लबमध्ये थोर खेळाडूचा नंबर समारंभ करून कायमचा बाजूला ठेवतात, मोठ्या कापडावर लिहून मैदानात उंच टांगतात. डेल्बर्टचा नंबर कुणी टांगला नाही. पण त्याच्यानंतर तो कुणी घातलाही नाही, आणि एवढ्या एका गोष्टीवर माझ्या नवऱ्यानं आपलं उरलेलं सगळं आयुष्य बांधलं. "समारंभ काय, ते लोकांना दाखवायला असतात, नेल," तो म्हणायचा. "हा खरा मान. न बोलता दिलेला. ज्यांना कळायचं त्यांना कळतं." कळत सगळ्यांनाच होतं. न्हाव्याला, टपालवाल्याला, खोकल्याच्या गोळ्या घेणाऱ्या म्हाताऱ्याला. एकतीस नंबर अपशकुनी होता, म्हणून त्याला कुणी हात लावत नव्हतं.

आमच्या अमेरिकन फुटबॉलमधला रनिंग बॅक म्हणजे काय, हे लग्न करताना मला कळलेलं आहे असं मला वाटत होतं. चेंडू काखेत दाबायचा आणि समोरच्या दांडग्या माणसांच्या भिंतीत फट शोधून घुसायचं. फट नसली तरी घुसायचं. अलाबामात कॉलेजात असताना मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते मैदानावर नव्हे, नाचताना. त्याचे पाय तेव्हा बघण्यासारखे होते. एवढा भरीव माणूस, पण जमिनीला जणू विचारून पाऊल ठेवायचा. ते पाय मला अजून आठवतात, आणि ज्यांनी ते विकत घेतले त्यांचे चेहरेही. क्लबच्या मालकानं पहिल्या भेटीत त्याच्या मांडीवर थाप मारली होती, घोड्याच्या मारतात तशी, आणि डेल्बर्ट खूश होऊन हसला होता. मी शेजारी नव्या कोटात बसले होते. मलाही हसू आलं असेल. फोटोत तरी मी हसतेय. मग हिवाळे सुरू झाले. रविवारी सामना, आणि सोमवारी सकाळी माझा नवरा जिन्यावरून उलटा उतरायचा. कठड्याला दोन्ही हातांनी धरून, पाठमोरा, एकेक पायरी चाचपत, म्हाताऱ्या बाईसारखा. वय सव्वीस. खाली मी न्हाणीघरातल्या टबात बर्फाच्या पिशव्या फोडून ठेवलेल्या असायच्या. तो आत उतरायचा, दात वाजायचे, आणि त्या वाजणाऱ्या दातांतून म्हणायचा, "वाच ना, काय लिहिलंय." मग मी कमोडचं झाकण पाडून त्याच्यावर बसायची आणि वर्तमानपत्रात त्याच्याबद्दल काय लिहिलंय ते वाचून दाखवायची. वाईट लिहिलेलं मी गाळत असे. म्हणजे गाळायची सवय मला तेव्हापासूनची.

माझे पप्पा फाउंड्रीत काम करायचे आणि माउंट निबो चर्चचा कारभार बघणारे डीकन होते. डेल्बर्टबद्दल ते एकदाच बोलले: "चांगला आहे पोरगा. फक्त कुठं जायचं ते त्याला दुसऱ्यानं सांगावं लागतं." ते वारले त्या आठवड्याच्या आधीच्या रविवारी डेल्बर्टच्या हातून चेंडू सुटला होता. त्या संघात कोचनं अशी रीत घातली होती की ज्याच्या हातून चेंडू सुटला, त्यानं आठवडाभर तो चेंडू कुठंही खाली ठेवायचा नाही. जेवताना, गाडी चालवताना, झोपताना, सतत काखेत. आणि संघातल्या कुणीही, केव्हाही, फटका मारून तो पाडायचा. पाडला तर पाडणाऱ्याला कोचकडून बक्षीस आणि याला अजून एक आठवडा. कोच ड्रिस्कल या शोधावर फार खूश होता. पांढऱ्या भुवयांचा माणूस, बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे बघायचा. मी डेल्बर्टला म्हटलं, "उद्या चर्चमध्ये तरी तो गाडीत ठेव." तो खरोखर दचकला. "कोचला कळलं तर?" "कोच येणार आहे का तिथं?" "पोरं येणारेत ना, नेल." आणि पोरं आली. काळे सूट घालून, गंभीर तोंडं करून, एकेक जण माझ्या आईचा हात हातात घेत होता. माझ्या बापाची शवपेटी सहा जणांनी उचलली. पाच जणांनी दोन हातांनी आणि माझ्या नवऱ्यानं एका. दुसऱ्या काखेत तो तपकिरी चामड्याचा चेंडू होता. थडग्यापाशी रांगेत उभा असताना संघातल्या एका आडदांडानं अचानक त्याच्या दंडावर फटका मारला. चेंडू हलला, पण सुटला नाही. आधी एकजण फिसकन हसला, मग सगळे, आणि शेवटी आमचे पास्टरसुद्धा बायबल तोंडापुढं धरून हसले. डेल्बर्ट माझ्याजवळ वाकला. मला वाटलं, माफी मागतोय. "सुटला नाही बघ," तो माझ्या कानात म्हणाला. त्याच्या श्वासाला पुदिन्याच्या गोळीचा वास होता. त्या क्षणी माझ्या मनात त्याच्याबद्दल जे आलं, त्याला राग म्हणता येणार नाही. राग बरोबरीच्या माणसाचा येतो.

आणि एवढं करून जानेवारीत चेंडू सुटलाच. मोठा सामना, शेवटची मिनिटं, शेवटची रेषा हाताच्या अंतरावर, आणि सबंध शहर स्टेडियममध्ये नाहीतर टीव्हीसमोर. त्याच्या अंगाला अजून कुणी हातही लावला नव्हता. फट होती, चांगली दारासारखी उघडी, आणि तो आत शिरतानाच चेंडू त्याच्या काखेतून निसटला. दुसऱ्यांनी उचलला आणि ते पळत सुटले. मी खेळाडूंच्या बायकांच्या रांगेत बसले होते. एवढ्या हजारो माणसांत इतकी शांतता पसरली की कुणाचा तरी कॉफीचा थर्मास पायऱ्यांवरून गडगडत खाली जाताना मी ऐकला. डेल्बर्ट आजही सांगतो की कोपराला धक्का लागला होता. लागला नव्हता. त्यानंतर तो आणखी दोन वर्षं खेळला, आणि मग एका सकाळी एक पोऱ्या येऊन म्हणाला, "कोचनं बोलावलंय, खेळाच्या आखणीची वही घेऊन या." या धंद्यात घरी पाठवायची हीच रीत. वही परत घेतात. गुडघे नाही घेत. पुढच्या उन्हाळ्यात एका नव्या पोराला एकतीस नंबर दिला. पहिल्याच आठवड्यात, साध्या सरावात, त्याचा पाय मोडला. संपलं.

हे मला सांगितलं जोएटानं, अर्नेस्टीनच्या पार्लरमध्ये. जोएटाचा नवरा मैदानावर डेल्बर्टच्या पुढं धावून वाट मोकळी करायचा. त्यामुळे ती आयुष्यभर माझ्याशी उपकार केल्यासारखी बोलायची. आम्ही दोघी केस वाळवायच्या यंत्राखाली शेजारी शेजारी बसलो होतो, आणि यंत्राच्या आवाजावर मात करायला ती ओरडूनच बोलत होती. "अगं, एकतीसचं नाव काढलं की पोरं लाकडावर टकटक करतात! सामान देणाऱ्यानं ती जर्सी पार तळाच्या कपाटात टाकलीय! तू वाईट वाटून घेऊ नकोस हं!" सगळं पार्लर ऐकत होतं. अर्नेस्टीनच्या हातातला कंगवा थांबला होता. मी म्हटलं, "वाईट कसलं? इस्त्री करून ठेवलीय ना?" त्याच संध्याकाळी डेल्बर्ट जेवताना म्हणाला, "ऐकलंस का? माझा नंबर कुणाला देत नाहीयेत. मी विचारलंही नव्हतं. आपणहून." त्याच्या चेहऱ्यावर नाचताना असायचा तसा उजेड होता. मी त्याच्यापुढं मक्याचा पाव सरकवला.

दया आली म्हणून गप्प राहिले, असं कुणी समजू नये. बसलेल्या माणसाच्या खालचा पाट काढून घेतला तर त्याला उचलायचं कुणी? मलाच. म्हणून मी तो पाट जपला. जानेवारीत त्या सामन्याच्या तारखेला रेडिओ बिघडवून ठेवला. त्याचा न्हावी बदलला, कारण जुना फार बोलायचा. दर पाचदहा वर्षांनी कुणीतरी वार्ताहर फोन करायचा, त्याला सांगितलं, मिस्टर पेटवे गावाला गेलेत. आणि डेल्बर्ट मोटारींच्या शोरूममध्ये नोकरी करत राहिला. नोकरी म्हणजे दारात उभं राहून हात मिळवायचा. लोक यायचे, त्याचा हात हातात घ्यायचे, 'एकतीस!' म्हणायचे आणि खिशातल्या खिशात दुसऱ्या हाताची बोटं एकमेकांवर चढवायचे, अपशकुन टळावा म्हणून. मी स्वतः पाहिलंय. त्याला वाटायचं, ते किल्ल्या चाचपताहेत. गाडीच्या पाटीवर एकतीस, कॉफीच्या कपावर एकतीस, सहीच्या पुढं एकतीस. या शहराचं मला कौतुक वाटत नाही. एक सामना हरलं आणि तेव्हापासून विधवेसारखं बसलंय. पण माझ्या घरातला माणूस त्या मयताला आपलं लग्न समजत होता.

क्लबचा फोन मी मलम आणलं त्या दिवशी दुपारीच आला, आणि दोन दिवसांनी ते आले. मॅकेन्ना नावाची एक मुलगी, तिच्याबरोबर दाढीवाला कॅमेरावाला, आणि तो पोरगा, टेव्हिन लॅसिटर. मॅकेन्ना म्हणाली, छोटासा व्हिडिओ करायचाय, हृदयस्पर्शी. डेल्बर्ट सकाळपासून सूट घालून बसला होता. गळ्याशी बटण लागत नव्हतं, म्हणून वरून टायची गाठ आवळली होती. पोरगा जॉर्जियाचा, नीट वळण लागलेला. दारातच टोपी काढली आणि माझ्या हातात एक जड डबा दिला. "केक आहे, मॅम. आजीनं पाठवलाय." चालताना त्याची पावलं वाजत नव्हती. मी त्याच्या पायांकडे बघितलं आणि नजर काढून घेतली.

"सर, मी तुमची परवानगी मागायला आलोय."

"बस आधी. वजन किती?"

"दोनशे दहा पौंड, सर."

"काटकुळा आहेस. नेल, पोराला खायला दे काहीतरी. आमच्या वेळी दोनशे दहा म्हणजे बँड वाजवणारे."

पोरगा हसला. कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला होता. "सर, खरं सांगू? सगळे म्हणाले, नको घेऊस. एजंट म्हणाला, आई म्हणाली. आजी एकटी म्हणाली, घे. तिनं जर्सी चर्चमध्ये नेली, पास्टरकडून तेल लावून घेतलं, प्रार्थना करून घेतली. मला असल्या गोष्टींची भीती वाटत नाही, सर."

"कसल्या गोष्टींची?" डेल्बर्टनं विचारलं.

मॅकेन्ना तिच्या फोनमध्ये बघत होती. कॅमेरावाल्यानं मात्र डोळा उचलून माझ्याकडे पाहिलं. तो याच शहरातला होता. पोराचं तोंड उघडं राहिलं. त्याला कळलं, म्हाताऱ्याला माहीत नाही. त्यानंही माझ्याकडे पाहिलं. डबा अजून माझ्या हातात होता. मी म्हटलं, "कसली म्हणजे, डेल्बर्ट? एवढ्या मोठ्या नावाची! हा नंबर घातला की रोज तुझ्याशी तुलना होणार. कुणाला भीती वाटणार नाही?"

"हो सर," पोरगा पटकन म्हणाला. "तेच. तुलना." त्याला फट दिसली होती आणि तो घुसला होता. शिकेल, असं माझ्या मनात आलं.

मग डेल्बर्ट बोलला. पुष्कळ बोलला. मान कसा मिळवावा लागतो, तो कसा मागता येत नाही, क्लबनं न बोलता कसा जपला. पोराच्या खांद्यावर हात ठेवून त्यानं परवानगी दिली, आणि कॅमेरावाल्याला ते पुन्हा हवं होतं म्हणून पुन्हा दिली. मॅकेन्नाचे डोळे भरून आले. तिचे दर मंगळवारी भरून येत असावेत. दारात पोरगा मागं रेंगाळला. "सॉरी मॅम. मला वाटलं, त्यांना माहीत असेल."

"जा," मी म्हटलं. "आजीला केकबद्दल आभार सांग. आणि गुडघे सांभाळ. ते कुणी परत देत नाही."

मी आत आले तेव्हा डेल्बर्ट टाय सोडत होता. त्याचा चेहरा लाल होता. मला वाटलं, भरून आलंय. "मध्ये का बोललीस?" तो म्हणाला.

"काय?"

"पोरगा बोलत होता. मी विचारलं त्याला, कसल्या गोष्टींची, आणि तू मध्येच. आता ते तसंच दिसणार. लोक म्हणतील, बायको बोलते याची. तुला खेळातलं काय कळतं, नेल? इतकी वर्षं बघतोय, तुला त्या गोष्टीची कधी किंमतच नव्हती. आजचा एक दिवस तरी गप्प बसायचंस."

मी केकचा डबा टेबलावर ठेवला. आवाज चढवला नाही. चढवावा इतकी ती गोष्ट मोठी राहिली नव्हती. मी म्हटलं, "तुझा नंबर अपशकुनी आहे, डेल्बर्ट. जानेवारीत चेंडू सुटला म्हणून. पुढच्या पोराचा पाय मोडला म्हणून. त्यानंतर घालायला कुणी तयार झालं नाही. मान वगैरे काही नव्हता. सगळ्या शहराला माहीत आहे. तो पोरगा तेच सांगत होता, आणि म्हणून मी मध्ये बोलले. पहिल्यापासून म्हणूनच मध्ये बोलतेय."

इतक्या रविवारी मी उंच रांगेत बसून त्याला धडका बसताना पाहिलं होतं, पण त्या वेळचा त्याचा चेहरा मला कधीच दिसला नव्हता. शिरस्त्राण असायचं, त्याला सळ्या असायच्या, आणि अंतर असायचं. आज तो दिसला. डोळे किंचित बारीक झाले. हनुवटी छातीकडे गेली. त्याच्या आत कुठंतरी काहीतरी जोरात आदळलं, हे मी पाहिलं. मी खुर्चीची पाठ धरली, कारण पडला तर त्याला धरायची सवय मलाच होती. एक क्षण तो तिथंच थबकला. आणि मग हनुवटी वर आली.

"म्हणजे भ्यायले," तो म्हणाला.

मी खुर्चीची पाठ सोडली.

"एवढे आले आणि गेले. मोठमोठे. एकाची छाती झाली नाही?" त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड येत होता. "इतकी वर्षं एक माणूस अंगात घालायला धजला नाही! त्या बारा नंबरवाल्याचा नंबर टांगलाय वर, त्याला काय कुणी भितं? कबुतरं बसतात त्याच्यावर." तो खुर्चीत बसला, पुन्हा उठला. "आणि हे तू मला आज सांगतेस? एवढी मोठी गोष्ट तू दाबून ठेवलीस?"

"डेल्बर्ट..."

"कुठाय फोन?"

फोन त्याच्या खिशातच होता. त्यानं आधी जुन्या न्हाव्याला लावला, ज्याच्याशी मी त्याचं बोलणं तोडलं होतं, मग जोएटाच्या नवऱ्याला, मग शोरूममधल्या कुणालातरी. मी डबा उघडला, केकचा एक तुकडा कापला आणि उभ्याउभ्याच खाऊ लागले. लोण्याचा, लिंबाची साल किसून घातलेला, आमच्या अलाबामात करतात तसाच. दुसऱ्या फोनपर्यंत त्याच्या सांगण्यात पोरं ती जर्सी बघून खोलीतून बाहेर पळत होती. तिसऱ्या फोनवर तर सामान देणारा माणूस ती चिमट्यानं उचलत होता. पलीकडचा बहुधा हसला असावा, नाहीतर विश्वास ठेवत नसावा, कारण डेल्बर्टचा आवाज एकदम चढला.

"नेलला विचार हवं तर," तो फोनमध्ये सांगत होता. "तिला पहिल्यापासून माहीत होतं."